नव्या 144 बॅगा टाकल्या आणि दहाव्या दिवशी चिमणीतून धूळ: भोसरीतल्या एका डस्ट कलेक्टरचं प्रकरण

शेजारच्या मशीन शॉपवाले दादा सकाळी गेटवर आले, जास्त काही बोलले नाहीत, बाहेर लावलेल्या त्यांच्या पांढऱ्या गाडीच्या टपावरून बोट फिरवलं आणि ते काळं झालेलं बोट मला दाखवलं. मला खरंच लाज वाटली, कारण दहाच दिवसांपूर्वी मीच त्यांना सांगितलं होतं की आता बॅगा सगळ्या नव्या टाकल्यात, यापुढे त्रास होणार नाही.

आमची फाउंड्री भोसरी एमआयडीसीत आहे, ग्रे आयर्न कास्टिंगची. मी मेंटेनन्स बघतो. हा डस्ट कलेक्टर (धुळीची हवा कापडी बॅगांतून गाळणारं मशीन) नॉक आउट आणि सँड प्लांटवर बसवलाय, म्हणजे जिथे मोल्ड फोडून कास्टिंग बाहेर काढतात आणि गरम वाळू परत कन्व्हेयरवर पडते तिथली धूळ हा ओढतो. ग्रीन सँड, म्हणजे माती आणि पाणी मिसळलेली ओलसर वाळू, असल्यामुळे त्या धुळीत सिलिका वाळूची भुकटी, बेंटोनाइट (चिकट माती), कोल डस्ट आणि वर गरम वाळूची वाफ असं सगळं एकत्र असतं. कलेक्टर पल्स जेटचा, म्हणजे दाबाच्या हवेच्या झटक्याने बॅगा साफ करणारा, 12 रांगा आणि प्रत्येक रांगेत 12 बॅगा, एकूण 144. बॅग 150 मिलिमीटर व्यासाची, 3 मीटर लांब, पॉलिस्टर नीडल फेल्ट, 500 जीएसएम (चौरस मीटरला 500 ग्रॅम). एका बॅगेचं कापड साधारण 1.41 चौरस मीटर भरतं, सगळ्या मिळून 204च्या आसपास, आणि ब्लोअर तासाला 15,000 घनमीटर ओढतो, म्हणजे कापडातून हवा मिनिटाला सव्वा मीटरपेक्षा किंचित कमी वेगाने जाते. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

जुन्या बॅगा पार चोंदल्या होत्या. डीपी, म्हणजे बॅगेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबातला फरक, 180-190 मिलिमीटर पाण्याच्या उंचीइतका दाखवत होता आणि नॉक आउटच्या हूडमधून धूळ शॉप फ्लोअरवर यायला लागली होती. पावसाळ्याआधी बदलून घेऊ असं ठरलं. आपल्याकडे भोसरीत गुरुवारी सुट्टी असते, त्यामुळे अशी सगळी कामं गुरुवारात कोंबायची सवय आहे. मे महिन्यातला तिसरा गुरुवार धरला, एका एजन्सीला काम दिलं, रेट पर बॅग. चार पोरं आली, सकाळी जुन्या काढल्या, दुपारी एक वाजता नव्या टाकायला सुरुवात केली आणि संध्याकाळी सहाला सगळं बंद करून सही मागायला आली. पाच तासांत 144 बॅगा, म्हणजे एका बॅगेला दोन मिनिटं आणि थोडी सेकंदं, त्यात केज (बॅगेच्या आतला तारेचा सांगाडा) टाकणं आणि ब्लो पाइप (रांगेवरची हवेचा झटका देणारी नळी) लावणंही आलं. तेव्हा मला हे कौतुकाचं वाटलं होतं, पोरं भारी फास्ट आहेत म्हणून मी चहा पाजून सही केली.

शुक्रवारी चालू केलं तर डीपी 25. सगळे खूश. इथे माझी पहिली मोठी चूक झाली आणि ती मी मोकळेपणाने लिहितोय कारण हे बऱ्याच ठिकाणी होतं. नव्या बॅगेचा डीपी कमी असणारच, त्यात काही विशेष नाही, पण जसजसा कापडावर धुळीचा थर बसतो तसतसा तो हळूहळू वर यायला पाहिजे, आमच्या मशीनला आठवडाभरात 70-80 पर्यंत. खरं गाळण्याचं काम कापड करतच नाही, तो धुळीचा थर करतो, कापड फक्त त्या थराला धरून ठेवतं. आमचा डीपी आठ दिवसांनीही 35 वरच होता आणि मी रोज लॉगबुकमधे तो आकडा बघून समाधानाने सही करत होतो. हवेला बॅग सोडून दुसरीकडून जायला वाट होती म्हणून तो वर येत नव्हता, एवढं साधं होतं ते.

दादांनी बोट दाखवलं तेव्हा आधी मी आणि मामा (आमचे सीनियर फिटर, सगळी कंपनी त्यांना मामाच म्हणते) खाली उभं राहून नुसती चिमणी बघत बसलो. मामांनी हे मला शिकवलं आणि कुणालाही फुकटात करता येईल असं आहे म्हणून सांगतो. पल्स व्हॉल्व्ह एकामागोमाग एक वाजतात, एका व्हॉल्व्हवर एक रांग. व्हॉल्व्ह मोजायचे आणि चिमणीकडे बघायचं. सगळ्या बॅगा धड असतील तर काहीच दिसत नाही. एखाद्या रांगेत गळती असेल तर त्या रांगेचा व्हॉल्व्ह वाजला की लगेच चिमणीतून एक काळपट फुंकर निघते, कारण पल्सने त्या रांगेवरचा थर झटकला जातो आणि उडालेली धूळ फटीतून वर ओढली जाते. आमच्याकडे तिसऱ्या, सातव्या आणि आठव्या रांगेला स्पष्ट फुंकर दिसली. नऊ मीटर वर न चढता आम्हाला रांगा कळल्या.

मधल्या काळात शिफ्टवरच्या कुणीतरी धूळ येतेय म्हणून एअर प्रेशर साडेसहा बारला नेलं आणि दोन पल्समधलं अंतर 10 सेकंदांवर आणलं होतं. हेतू चांगला होता, पण परिणाम बरोबर उलटा, कारण जेवढं जास्त झटकाल तेवढा तो थर कापडावर टिकणार नाही आणि तेवढी बारीक धूळ आत शिरेल. धूळ दिसली की जोरात झटका, हा विचार डोक्यातून काढावा लागतो.

पुढच्या गुरुवारी वरची झाकणं उघडली. उघडायच्या आधी ब्लोअर आणि खालून धूळ बाहेर काढणारे रोटरी एअर लॉक आणि स्क्रू कन्व्हेयर, तिन्ही बंद करून कुलूप आणि टॅग, आणि एअर हेडर (पल्स व्हॉल्व्हना हवा देणारी दाबाची टाकी) पूर्ण रिकामा. हेडरचं लोक विसरतात. कॉम्प्रेसर बंद केला तरी हेडरमधे पाच बार दाब तसाच असतो, आणि टायमरला सप्लाय असेल तर ब्लो पाइपपाशी तुम्ही वाकलेले असतानाच व्हॉल्व्ह उडू शकतो.

ट्यूबशीट, म्हणजे जिच्या भोकांत बॅगा लटकतात ती प्लेट, वरून एकदम साफ असायला हवी, ती स्वच्छ हवेची बाजू. आमच्याकडे तिच्यावर बोटभर थर होता, आणि काही भोकांच्या कडेला धुळीचे छोटे छोटे ढीग आणि मधे पंख्यासारखी रेघ, जणू तिथून कुणी फुंकून धूळ बाहेर टाकलीय. तीच फट. मामांनी एका बॅगेच्या कडेला अंगठा दाबला तर टक असा आवाज येऊन तिच्या तोंडाचा स्प्रिंगचा बँड जागेवर बसला. म्हणजे इतके दिवस ती बॅग बसलेलीच नव्हती, नुसती टेकलेली होती.

बॅग बसवायची कशी ते नीट सांगतो, कारण सगळं प्रकरण इथेच आहे. बॅगेच्या तोंडाला कापडात शिवलेली स्प्रिंग स्टीलची पट्टी असते, स्नॅप बँड. त्याला बाहेरच्या बाजूने वर आणि खाली फेल्टचे दोन फुगीर गोल असतात आणि मधे खाच. ती खाच ट्यूबशीटच्या भोकाच्या कडेवर बसली पाहिजे, एक फुगवटा प्लेटच्या वर आणि एक खाली. बँड दोन्ही हातांनी दाबून काजूसारखा करायचा, बॅग भोकातून खाली सोडायची, काजूची बाहेरची गोल बाजू आधी कडेवर बसवायची, शिवण जिथे असेल तिथून सुरुवात करायची आणि मग आत वळलेला भाग हळू सोडायचा. तो स्वतःहून टक करून उघडला पाहिजे. तो आवाज आला नाही तर बॅग बसली नाही. मग अंगठा पूर्ण गोल फिरवायचा, कुठेही फुगवटा कमीजास्त लागला तर काढून परत. हातोडी नाही, स्क्रूड्रायव्हर तर अजिबात नाही, पट्टीला एकदा वाकण आली की ती कायमची गेली.

आता हे सगळं तेव्हाच शक्य आहे जेव्हा भोकाची कड साफ असेल. आमच्या भोकांच्या कडेला बेंटोनाइट आणि वाफेने झालेली सिमेंटसारखी पपडी होती, काही ठिकाणी जुन्या वेल्डिंगचे थेंब. खाच ज्या कडेवर बसायची त्या कडेवर दीड मिलिमीटर पपडी असेल तर खाच बसणार कुठे? एजन्सीच्या पोरांनी कडा घासल्याच नव्हत्या. आणि सातव्या रांगेतलं चौथं भोक तर गोलच नव्हतं. बाकीची सगळी 158 ची, हे एका बाजूने 160 आणि दुसऱ्या बाजूने 157. कधीतरी आधी कुणीतरी गॅस कटरने वाढवलेलं होतं. तिथे कितीही चांगली बॅग टाका, ती गळणारच.

एक मिलिमीटरच्या फटीने असा काय फरक पडतो असं वाटेल. मघाचा आकडा आठवा, कापडातून हवा मिनिटाला सव्वा मीटरपेक्षाही कमी, म्हणजे सेकंदाला दोन सेंटिमीटर. तोच 35 मिलिमीटरचा डीपी उघड्या फटीवर लावला तर तिथून हवा सेकंदाला वीस मीटरच्या पुढे जाते. हजार पट. आणि त्या हवेत वाळू आहे. म्हणजे ती फट नुसती गळत नाही, ती शॉट ब्लास्टिंगसारखी स्वतःलाच मोठी करत जाते. अशा नीट न बसलेल्या 11 बॅगांच्या तोंडाचं फेल्ट दोन आठवड्यांत एका बाजूने झिजून पातळ झालं होतं. नव्या कोऱ्या बॅगा, फेकून द्याव्या लागल्या.

त्या बॅगा पूर्ण काढून कडा वायर ब्रशने आणि एमरीने घासल्या, वेल्डचे थेंब फाइलने काढले. सातव्या रांगेतल्या त्या भोकावर बरोबर 158 च्या भोकाची रिंग वेल्ड करून घेतली, पण त्यासाठी आजूबाजूच्या तीन रांगांच्या बॅगा काढल्या, बाकीच्या भोकांवर ओली गोणपाटं आणि फायर ब्लँकेट घातलं, कारण पॉलिस्टर फेल्टवर एक ठिणगी पडली तर नुसतं भोक पडून थांबेलच असं नाही, वर कोल डस्टही असते.

मग लीक टेस्ट. याची फ्लुरोसंट पावडर मिळते, गुलाबी किंवा हिरवट. पल्सिंग बंद करायचं, ब्लोअर चालू, आणि कलेक्टरच्या आधीच्या डक्टमधून पावडर आत सोडायची, आम्ही आमच्या कापडाच्या हिशोबाने एक किलो सोडली. मिनिटभर चालवून ब्लोअर बंद, परत कुलूप टॅग सगळं, आणि अंधारात यूव्ही टॉर्चने ट्यूबशीट बघायची. आम्ही रात्री आठला केलं, वरून ताडपत्री धरून. पहिल्या टेस्टला पाच जागा चमकल्या. त्यात एक तर बॅगेची नव्हतीच, ट्यूबशीट आणि बॉडीच्या वेल्डिंगमधे केसाएवढी भेग होती, ती डोळ्यांनी जन्मात दिसली नसती. सगळं दुरुस्त करून दुसऱ्या रंगाची पावडर सोडली, दुसरा रंग अशासाठी की पहिल्याचा राहिलेला आणि नवा आलेला यात गोंधळ नको. काहीच चमकलं नाही. त्या रात्री मामा ताडपत्रीतून बाहेर आले तेव्हा घामाने भिजलेले होते आणि चेहऱ्यावर जे समाधान होतं ते मी विसरणार नाही.

चालू करतानाही यावेळी घाई केली नाही. कोरड्या चुनखडी पावडरचं 25 किलोचं एक पोतं डक्टमधून सोडून कापडावर आधी पातळ थर दिला, डॅम्पर (डक्टमधली हवेची झडप) अर्धा उघडा, पल्सिंग बंद, आणि डीपी 80 ला आल्यावरच पल्सिंग सुरू केलं. कोऱ्या फेल्टवर पहिल्याच दिवशी फुल फ्लोने बारीक धूळ मारली तर ती धाग्यांच्या आत जाऊन बसते आणि मग कितीही झटका, निघत नाही. प्रेशर 5 बारवर आणलं आणि पल्सिंग टायमरवरून काढून डीपीवर टाकलं, 110 ला सुरू, 80 ला बंद.

इथे प्रकरण संपलं असतं तर बरं झालं असतं. जुलैत परत फुंकर दिसली, यावेळी अकराव्या रांगेला. तेव्हा पाऊस धो धो चालू होता, निम्मी माणसं पालखीची सुट्टी काढून आळंदीहून पुढे चालत गेली होती आणि मला वाटलं परत बँडच सुटला असेल. बँड पक्का होता. बॅग बाहेर काढली तर तळापासून वीतभर वर एका बाजूला घासून घासून भोक पडलेलं. शेजारच्या बॅगेला अगदी त्याच उंचीवर समोरून तसाच घास. दोघी एकमेकींना घासत होत्या.

बॅगेचं भोक कुठे आहे हे बघितलं की कारण निम्मं कळतं. तळाशी आणि शेजारणीच्या समोर असेल तर केज वाकडी. वरून फूटभरात असेल तर ब्लो पाइपचं भोक बॅगेच्या मध्यावर नाही, हवा तिरकी कापडावर आपटतेय. केजच्या उभ्या तारेच्या रेषेत लांबच लांब झिजलं असेल तर केज गंजलेली किंवा बॅग सैल. म्हणून फाटकी बॅग भंगारात टाकायच्या आधी पाच मिनिटं जमिनीवर सरळ पसरून बघा, आणि काढताना तिच्यावर मार्करने रांग आणि नंबर लिहा. आम्ही मे महिन्यात काढलेल्या 144 जुन्या बॅगांचं हे काहीच केलं नाही, सगळ्या एका ढिगात गेल्या. त्या सांगत असलेली माहिती आम्ही ऐकलीच नाही.

केज वाकड्या का झाल्या, तर मे महिन्यात पोरांनी केज काढून यार्डात एकावर एक ढीग घातला होता, खालच्यांवर वरच्यांचं वजन, आणि काही वरून खाली सोडताना आपटल्या होत्या. तारेच्या केजला एवढं पुष्कळ होतं. आमच्या बॅगांच्या सेंटरमधलं अंतर 200 मिलिमीटर, म्हणजे दोन बॅगांमधे मोकळी जागा फक्त 50. वरच्या बाजूला केज एक डिग्री जरी तिरकी बसली तर 3 मीटर खाली तळ 52 मिलिमीटर सरकतो. म्हणजे एक डिग्री, जी वरून डोळ्यांना कळतही नाही, तेवढ्यात शेजारणीला टेकणार. आता आम्ही प्रत्येक केज सपाट फरशीवर लोळवून बघतो, डुगडुगली की बाजूला. शिवाय हात फिरवून तुटलेला वेल्ड किंवा गंजाचा खरखरीतपणा. आणि सगळं बसल्यावर हॉपरच्या, म्हणजे धूळ गोळा होते त्या खालच्या नरसाळ्याच्या, दारातून टॉर्च मारून खालून वर बघतो, सगळे तळ एका रेषेत आणि सारख्या अंतरावर दिसले पाहिजेत.

हॉपरच्या दारातून बघताना अजून एक गोष्ट सापडली, मे महिन्यातली एक जुनी बॅग खाली पडून स्क्रू कन्व्हेयरच्या टोकाला गुंडाळलेली. ती तेव्हा खाली पडली हे कुणीतरी बघितलं असणारच, पण सांगितलं नाही. स्क्रूवर लोड वाढायचं कारण आम्ही दोन महिने बेअरिंगमधे शोधत होतो. आता काढलेल्या बॅगा मोजतो. 144 घातल्या होत्या तर 144 बाहेर यायला हव्यात.

एजन्सीबद्दल माझा राग होता, अजून थोडा आहे, पण प्रामाणिकपणे सांगायचं तर तो रेट पर बॅग मीच मान्य केला होता. पर बॅग रेटमधे कड घासायला कुणी थांबणार नाही, केज लोळवून बघायला तर नाहीच, कारण त्याचे पैसेच नाहीत. आणि त्या पोरांच्या तोंडाला फक्त रुमाल होता. हे मला सगळ्यात जास्त टोचतं. सिलिकाचा जो कण फुफ्फुसात पार खालपर्यंत जातो तो साधारण पाच मायक्रॉनपेक्षा बारीक असतो, तो रुमालातून आरपार जातो. सिलिकोसिस एकदा झाला की बरा करणारं औषध नाही, कायद्याने तो कळवणं बंधनकारक असलेल्या आजारांच्या यादीत आहे, आणि बॅग बदलण्याचं काम म्हणजे साठलेली धूळ अंगावर घेण्याचंच काम. जुन्या बॅगा ती पोरं खांद्यावर टाकून नेत होती, झटकत झटकत. तीन-चार तास. मी बघत होतो आणि मला तेव्हा खटकलं नाही.

आता हे काम रोजावर देतो, दोन गुरुवारांत विभागून, 72 आणि 72, आणि त्या दिवशी मामा वर असतात. पहिले दोन तास एकही नवी बॅग उघडायची नाही, फक्त कडा. काम करणाऱ्या प्रत्येकाला फिल्टर काडतूसवाला हाफ मास्क, दाढी असेल तर तो नीट बसत नाही हे आधीच सांगतो. वर हार्नेस. जुनी बॅग केजवरून उतरवली की तिथेच प्लॅस्टिकच्या पिशवीत, तोंड बांधून मगच खाली. मामांनी पॅनेलच्या दारावर आतून एक कागद चिकटवलाय, 12 बाय 12 चे चौकोन काढून, बॅग बदलली की त्या चौकोनात तारीख आणि भोक कुठे होतं त्याचं एक अक्षर, व म्हणजे वर, त म्हणजे तळ, र म्हणजे रेघ. नव्या पोराला चार्ट समजावायला एक मिनिट लागतं.

पावसाळ्यात हेडरमधे पाणी साठतं तेही याच वर्षी पकडलं, व्हॉल्व्हमधून हवेबरोबर पाण्याचा फवारा बॅगेच्या तोंडाशी जायचा आणि बेंटोनाइटचा चिखल व्हायचा. ऑटो ड्रेन बसवला आणि शिफ्टच्या सुरुवातीला हाताने एकदा कॉक उघडून बघायची सवय लावली.

डीपी सध्या 80 ते 110 मधे खेळतोय. लोळवून बघितलेल्या 144 केजपैकी 38 डुगडुगल्या, त्यातल्या 20 नव्या आल्या आणि बसल्या, 18 ची ऑर्डर दिलीय, त्या जागी तोवर त्यातल्या त्यात सरळ केज निवडून घातल्यात आणि चार्टवर त्या चौकोनांना पेन्सिलने गोल केलाय. दर गुरुवारी खालून टॉर्च मारून ते 18 तळ आधी बघतो.